एका खाटेवर दोन

"तो खाटा मोजणार आहे, मुंडकी नाही! रात्रपाळीवाले, निघा! भिंतीपलीकडे बागेत जाऊन बसा. मास्तर जाईपर्यंत खोकलासुद्धा ऐकू येता कामा नये!"

साहेब ओरडत होते. पुण्याचे इंजिनियर. फाटकातून आत येणाऱ्या मास्तराला मराठी कळत नव्हती, म्हणून शिव्याही सढळ.

बहारीनमधलं सनद गाव. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. खजुराच्या बागा, थोडी घरं आणि कडेला आमचा कॅम्प. सरकारी शिरगणती चालू होती, गावातल्या शाळेचे अरब मास्तर शुक्रवारच्या सुट्टीत वही घेऊन दारोदार फिरत होते.

आमच्याकडे खाटा चाळीस, माणसं ऐंशी. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच उबेत आडवा. माझा जोडीदार बबन्या, दापोलीकडचा. चार वर्षं एका खाटेवर संसार केला आम्ही, पण त्याचे उघडे डोळे मी फक्त शुक्रवारी बघितले.

गोडं पाणी कंपनीनं माणशी द्यायचं. कागदावर चाळीस, म्हणून टँकर चाळिसांचा. बाकीची तहान खाऱ्या विहिरीवर. त्या विहिरीत जिवंत बांगडा सोडला असता तर सुका होऊन वर आला असता. आणि ऊन? कोंबडीनं वाळूत अंडं घातलं तर पिल्लू शिजूनच बाहेर यायचं. हसा. आम्हीपण हसायचो, ओठ फुटेपर्यंत.

बबन्या ते पाणी पिऊन पडला होता. ताप, जुलाब. आठवा दिवस. माझ्या वाटणीचं गोडं पाणी मी त्याला घोट घोट पाजत होतो. पुरत नव्हतं. सरकारच्या वहीत ऐंशी माणसं लागली तरच कंपनीला टँकर वाढवावा लागणार, नाहीतर बबन्या जाणार. एवढा सोपा हिशोब.

साहेब आमच्या खोलीत आले. "ह्यालाही उचल. बागेत टाक."

"साहेब, अंगात ताप आहे त्याच्या."

"तुमच्या लोकांना उघड्यावर पडायची सवय असते. उचल!"

तुमच्या लोकांना. सात समुद्र ओलांडले, पण हे दोन शब्द माझ्याआधीच विमानातून उतरले होते.

आणि मी उचललं. लिहायला लाज वाटते, पण उचललं. पिळलेल्या टॉवेलाएवढा झाला होता बबन्या. दारापर्यंत नेला. तिथे पाय अडले.

लहानपणी गावात अशीच शिरगणती आली होती. आयेनं आम्हा पाचही भावंडांना घासून आंघोळ घातली, अंगणात ओळीनं उभं केलं. "साहेब आपल्याला लिव्हनार हाय." दिवस मावळला, कोणी आलं नाही. लिहिणाऱ्यानं पाटलाच्या ओटीवर चहा घेतला आणि तिथूनच विचारलं, खालच्या वाडीत किती? पाटील म्हणाला, "असतील पंचवीस-तीस." आम्ही शंभरावर होतो. आयेनं अंधार पडेस्तोवर आम्हाला हलू दिलं नव्हतं.

मी मागे फिरलो. बबन्याला खाटेवर ठेवलं. शेजारी बसलो.

मास्तर दारात आले. खाटेकडे बघून मोडक्या हिंदीत विचारलं, "कितना नफर?" किती माणसं?

"एक," साहेब म्हणाले. "दूसरा मेहमान है."

"दोन," मी म्हणालो. मग अरबीत, "थनेन नफर. एक खाट, दो नफर. सब खाट, दो नफर."

साहेबांचा चेहरा मिरचीसारखा लाल. पण बाहेर भिंतीमागे कोणीतरी खोकलं. मग दुसरा. मग अख्खी बाग खोकू लागली. भिंतीवर डोकं आलं, डोक्यामागे डोकं. मास्तरांनी पेन काढलं. खोल्याखोल्यांतून फिरत ऐंशी नावं लिहिली. शेवटी वहीकडे बघत पुटपुटले, "मेरा गाँव में अब हिंदी जास्ती, हमारा आदमी कम." हिंदी म्हणजे आपण हिंदुस्थानी. रागानं नाही बोलले. म्हातारी माणसं विहिरीत वाकून बघतात, तसं.

मग साहेबांना विचारलं, "तुम भी हिंदी?"

"मुझे इनके साथ मत लिखो."

देशाचा रकाना एकच होता. मास्तरांनी साहेबांना आमच्याखाली लिहिलं.

पगाराच्या रकान्यापाशी साहेब म्हणाले, सगळ्यांची सरासरी काढा, माझा पगारही धरा. तेवढ्यानं आम्ही सगळे कागदावर श्रीमंत झालो असतो. मास्तरांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट.

"मास्तर उद्या परत येणार आहे, तपासायला. चूक झाली म्हण. खाटेवर एकच. नाहीतर परवाचं विमान. घरी जाऊन काय खाणार आहेस रे?"

घरी सहा तोंडं होती माझ्या मनिऑर्डरीवर. टँकर वाढला नव्हता. वाढेल याचा भरवसा नव्हता. तिकडे बबन्या पाणी पाणी करत होता, आवाजही निघत नव्हता त्याचा. आजवर ही गोष्ट सांगताना मी पुष्कळ मीठमसाला घातला, साहेबांना टेबलाखालीसुद्धा लपवलं. इथे घालत नाही. साहेब खुर्चीत होते. मी उभा होतो. आणि मला एवढंच ठाऊक होतं की, ह्यापुढे कोणाच्या ओटीवरून माझी मोजणी होणार नाही.

"बोल. उद्या त्यानं विचारलं, तर काय सांगशील?"

"दोन."