चाळीचं कुलूप

कवठे येमाईच्या मारुतरावांकडं पाहुणे यायचे म्हटलं की पोहे भिजवायच्या आधी एक काम उरकायचं. थोरल्या लेकीला, करुणाला, घरामागच्या कांदाचाळीत, कांदा साठवायच्या पत्र्याच्या शेडात, नेऊन बसवायचं आणि बाहेरून कुलूप घालायचं. करुणाचे पाय जन्मापासून लुळे. हातांत चपला अडकवून ती सरकत सरकत घरभर हिंडायची, मोटारीच्या शिलाई मशीनवर आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. पण धाकट्या शितलला बघायला कुणी आलं की ही घरात नसायचीच. "अशी बहीण दिसली तर शितलला कोण करून घील?" असं बापाचं म्हणणं. आता सांगा, स्वतःच्याच घरात माणूस चोरून ठेवायचं म्हणजे काय?

आधी करुणा गप बसायची. शितलचं जमू दे, एवढंच म्हणायची. पण त्या दिवशी, तापल्या पत्र्याखाली, कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत असताना तिनं पाण्यासाठी हाका मारल्या, आणि कुणी ओ दिली नाही. घरात भांडगावचे पाहुणे होते ना! तेव्हा तिच्या मनानं घेतलं, बास झालं आता.

आमच्याकडच्या पाहुण्यांची खोड अशी, की पोरगी बघून झाली की घर बघायचं. विहीर बघतील, गोठा बघतील, आणि उन्हाळ्यात कांदा बघितल्याशिवाय तर हलायचेच नाहीत. मारुतरावांना हे ठाऊक नव्हतं होय? त्यांनी स्वतः दौंडापर्यंत जाऊन लोकांच्या चाळी बघितलेल्या. पण लाजेपायी अक्कल गहाण पडली, दुसरं काय.

मुलाचे मामा मल्हारीराव तोंड पुसत उठले आणि मागच्या दारी आले. "चला, चाळ दावा."

"चाळीची किल्ली सापडंना," मारुतराव म्हणाले.

"का वो? कांदा सडलाय का काय?"

झालं! मारुतरावांच्या कांद्याला सडका म्हणणं म्हणजे त्यांच्या मिशीला हात घालणं. ते काही बोलणार, एवढ्यात मागच्या चाळीतूनच खणखणीत आवाज आला.

"कांदा चांगला हाय, मामा! किल्ली आबांच्या खिशातच हाय!"

मारुतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांसमोर किल्ली काढावीच लागली. दार उघडलं तर उंबऱ्यातच करुणा बसलेली, केसांत कांद्याची सालं, डोळे लालभडक.

"ही... कामाला येती आमच्याकडं," मारुतराव म्हणाले.

बापानं असं म्हणावं! लुळ्या पायांच्या माणसाचीही तळपायाची आग मस्तकात जाते. करुणाची गेली.

"कामाच्या बाईला कोण कुलपात ठिवतं का, मामा? मी ह्यांची थोरली लेक, करुणा. शितलच्या अंगातला ब्लाउज मी शिवलाय. आन् तिला बघायला कुणी आलं की मला हितं कोंडत्यात."

मामांनी एकदा तिच्याकडं, एकदा मारुतरावांकडं बघितलं. "कळवतो," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. 'कळवतो' म्हणजे काय, ते लेकीच्या बापाला सांगायला नको.

गाडी वळली तसे मारुतराव कडाडले, "मोडलंस ना बहिणीचं! बस आता तितंच!" ते दार लोटायला धावले, तर शितल पदर खोचून मध्ये उभी.

"तिला कोंडून जमणारं लगीन मला नगं, आबा."

करुणानं बापाच्या हातातलं कुलूप हिसकून घेतलं. "ह्ये आता माझ्या मशीनच्या खणात ऱ्हाईल. दुसरं आणलं तर पोलीस पाटलाला बोलवीन, सांगून ठिवते. माझं बी हे घर हाय."

बरेच दिवस गेले. मग केंदूरचे पाहुणे आले. मारुतराव त्यांच्या पुढं जायला कचरत ओसरीच्या कडेला उभे. आणि सतरंजीच्या मधोमध करुणा, वेणी घातलेली, अंगात स्वतः शिवलेला नवा ड्रेस, हातांतल्या चपला शेजारी मांडलेल्या. पाहुणे पायरीवरच थबकले.

"या, बसा," ती म्हणाली. "शितल आत हाय. पण थोरली मी. आधी मला बघा."