दूध तुटलं तो आठवडा

सुधाताई गेल्याचा फोन मला नाही, माझ्या मुलीला, ऋचाला आला. सुधाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. दीड महिना झाला. पण आधी कुणाला कळवलं, हे मी विसरलेले नाही...

सुरुवातीपासून असंच. सव्वीस वर्षांपूर्वी धंतोलीतल्या घरी ऋचा झाली आणि मला दूध पुरेना. तेव्हा आम्ही एकत्र राहायचो, ताईंचा मुलगा अंगावर पीत होता. त्यांनी काही न विचारता ऋचालाही घेतलं. पाजायच्या वेळा मी वहीत लिहायची; ताईंचे रकाने भरायचे, माझे रिकामे. ऋचा त्यांना ‘मोठी आई’ म्हणू लागली. आपल्याकडे सगळेच म्हणतात, मला मात्र बोचायचं. पुढे त्यांच्या मुलाने आपणहून दूध सोडलं. मग त्या फक्त ऋचासाठी पाजत राहिल्या.

दीड वर्षाची झाल्यावर मी ठरवलं, दूध तोडायचं. रीतीप्रमाणे कडुनिंबाचा पाला वाटून लावला... स्वतःला! ऋचाने तोंड वाकडं केलं आणि सरळ ताईंच्या मांडीवर जाऊन बसली.

“काहून वं,” ताई हसत सुटल्या, “दुकान माझं चालू अन् कुलूप तुह्या दाराले?”

मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी ऋचाला घेऊन रामटेकला, माहेरी गेले. चांगला आठवडा काढला, मुद्दाम.

ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या तपासायच्या. मी परतले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. छाती दगडासारखी झाली होती, एवढंच बोलल्या. मग शांतपणे सांगू लागल्या, “दूध साचलं की काही पेशी मरतात. बाकीच्या सुरुवातीले तयारच राहतात. लेकरू दोनेक दिवसांत परत आलं तर पुन्हा दूध बनवतात. नाही आलं तर सारं आवरतं. जिवंत पेशीच शेजारच्या मेलेल्या पेशी गिळतात, रिकाम्या जागी चरबी भरते. हे उंदरांत पाहिलं आहे. आपलंही तसंच असंल.” मग म्हणाल्या, “दोन दिवस मी फाटकाकडे पाहून राहिली होती वं.”

मी माफी मागितली नाही. त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला.

गेल्या रविवारी ऋचाला त्यांच्या घरून आणायला गेले. ती कपाटातल्या साड्या काढून एकेक नाकाला लावत होती. खाली ऑटो उभा होता. “चल” अगदी ओठांवर आलं, रामटेकला नेलं तेव्हासारखंच... मी खाली गेले, ऑटो परत पाठवला आणि वर येऊन तिच्याजवळ बसले. तिने एक साडी माझ्याकडे सरकवली. मी ती नाकाला लावली नाही. नीट घडी घातली आणि दुसरी मागितली.