दाजींना कुठला गेम द्यायचा

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी सहावीत होते. लग्नानंतर दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले ते पेढ्यांच्या पुड्यासोबत एक व्हिडिओ गेम घेऊन. आमच्याकडं त्याआधी असलं काही आलं नव्हतं. त्यांनी टीव्हीला वायर जोडली, पिवळी कॅसेट खोबणीत बसवली आणि जावयाचा मान घेत कॉटवर बसायचं सोडून फरशीवर मांडी घालून खेळायला लागले. वडिलांना ते आवडलं नाही. आईनं मात्र चहा खालीच नेऊन दिला.

गेमची खरी नावं आम्हाला माहीत नव्हती. कॅसेटवरची अक्षरं चिनी की जपानी तेही कळत नसे. म्हणून दाजींनीच नावं ठेवली होती. पडक्या किल्ल्यावरून उड्या मारत जाणाऱ्या शिपायाचा तो बुरुजाचा गेम. दोरीवरून दोरीवर झेपा घेणारा तो डोंबारी. सगळे गेम एकाच जातीचे. माणूस डावीकडून उजवीकडं निघतो, वाटेत खड्डे, हलत्या फळ्या, भिंती येतात आणि त्या ओलांडत पुढं जायचं. गाड्यांचे आणि मारामारीचे गेम त्यांना नको असायचे.

"मारामारी कोणबी करंल," ते म्हणायचे. "उडी मारायला डोस्कं लागतंय."

बुरुजाचा गेम ते एका जिवात संपवायचे. त्यात लांब उडी घ्यायची तर पळायचं बटण दाबून ठेवावं लागे आणि ते न सोडता उडीचं बटण दाबावं लागे. दोन्ही बटणं उजव्या हाताला. दाजी अंगठा आडवा ठेवून त्याच्या टोकानं एक आणि पेरानं दुसरं दाबत. त्यांनी माझा अंगठा धरून मला ते शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी तिसऱ्या बुरुजाच्या पुढं कधी गेले नाही. गल्लीतली माणसं दारात उभी राहून त्यांचा खेळ बघायची, आणि आक्का आतून बघून हसायची.

मग वर्षं गेली. दाजी कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला लागले. पत्र्याचे भाग कापायचं काम. त्यांची मुलगी मोठी होऊन शिकायला पुण्याला गेली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागले आणि तिथंच राहिले. तो गेमही कधी बिघडला आणि भंगारात गेला, कुणाच्या लक्षातही नाही.

लॉकडाऊन उठल्यावर कारखान्यांत कामाचा रेटा सुरू झाला होता. एका सकाळी लॅबमध्ये आक्काचा फोन आला.

"ह्यांचा हात प्रेसमधी सापडलाय. तू ये," एवढंच ती म्हणाली.

दाजींचा उजवा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि अर्धं मधलं बोट गेलं होतं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये, म्हणजे हात आत राहूच नयेत, अशी ती सोय. दाजींच्या मशीनवर त्यातलं एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. कारखान्यानं सांगितलं की पाचर कामगारानंच मारली. दाजी म्हणाले, "मी यायच्या आधीपास्नं तसंच हुतं. सगळ्या पाळ्या तसंच चालवत्यात." पुढं त्याचा निकाल कुणी लावला नाही. साहेब लोक एकदा सफरचंदं घेऊन आले, दवाखान्यात दहा मिनिटं उभे राहिले आणि गेले.

मी रोज लोकांच्या हातांत सुया घालते, रक्ताचं मला काही वाटत नाही. पण पहिल्यांदा ड्रेसिंग सोडलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. दाजी मात्र बघत होते. टक लावून, दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसे.

घरी आल्यावर ते बोलायचे थांबले. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची म्हणून ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. कुणी भेटायला आलं की सवयीनं हात पुढं करायचं, म्हणून दार वाजलं की दाजी न्हाणीत जाऊन बसायचे. पाहुणे चहा घेऊन जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. आक्का सांगायची, "बाहीर गेल्यात." पाहुण्यांना न्हाणीचं लावलेलं दार दिसत असायचं.

हाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की उरलेली बोटं हलती ठेवा, नाहीतर त्यांच्या काड्या होतील. त्यासाठी रबरी चेंडू दिला होता. तो खिडकीतच पडून असे.

तेव्हा मला गेम आठवला. मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात जुने गेम भरलेला छोटा डबा मिळाला, टीव्हीला जोडायचा, जुन्यासारखाच रिमोट असलेला. त्यात बुरुजाचा गेम होता. मला इतका आनंद झाला की रविवारची वाटही न बघता मी कामावरून परस्पर आक्काकडं गेले.

टीव्हीवर तो किल्ला दिसला तसे दाजी पुढं सरकले. मांडीवर उशी घेतली, उशीवर रिमोट ठेवला. डावा अंगठा बाणांवर गेला. उजवा हात त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बटणांवर टेकवलं. शिपाई निघाला. पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा निघाला, पुन्हा तिथंच पडला. तो खड्डा लहानपणी मीसुद्धा डोळे झाकून ओलांडायचे. दाजींचं पळायचं बटण सुटत होतं. त्या दोन बोटांना एकेकटं दाबायची सवयच नव्हती. एक दाबलं की दुसरं आपोआप उठायचं.

तीन जीव संपल्यावर त्यांनी रिमोट अलगद बाजूला ठेवला.

"बंद कर," ते म्हणाले. मी वायर काढायला लागले तेव्हा, "तुला दुसरा कुठला गावला न्हाय व्हय?"

त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत, असं आक्कानं मला फोनवर सांगितलं. मला रागावली नाही. नुसतं सांगितलं.

जुन्या गेमच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक मोठा गट आहे. देशोदेशीचे लोक तिथं एकमेकांना गेम सुचवत असतात. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिथं लिहिलं की माणूस उड्यांच्या गेमचा जुना शौकीन आहे, उजव्या हाताला अंगठा नाही, धड बोटं दोनच आहेत, त्याला कुठला गेम द्यावा. पुष्कळ उत्तरं आली. लोकांनी मनापासून सुचवलं, पण बहुतेकांनी आपल्याला आवडणारेच गेम सुचवले होते. कुणी म्हणे, हा खेळला नाही तर आयुष्य फुकट. एकानं मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ असा, की जो गेम त्यांना उत्तम येत होता तो देऊ नका, त्यात काय गेलं ते त्यांना दर उडीला कळेल. त्यांनी कधीच न पाहिलेला द्या.

त्या उत्तरात गेमचं नाव नव्हतं. ते मला शोधायचं होतं.

लॅबमधली चिकटपट्टी घरी आणून मी माझा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तळहाताला बांधून टाकली आणि लोकांनी सुचवलेले गेम एकेक करून खेळून बघितले. ज्यात पळत उडी घ्यावी लागते तो बाद. ज्यात हवेत असताना दुसरं बटण दाबावं लागतं तो बाद. बर्फावर घसरायचा गेम दिसायला फार सुंदर होता, पण त्यात थांबताच येत नाही. तोही बाद. माझी करंगळी दुखायला लागली. हे बोट दिवसभरात आपण कशालाच वापरत नाही हे मला तेव्हा समजलं.

शेवटी एक सापडला. त्यात कंदील घेतलेला एक खाणकामगार जमिनीखाली उतरत जातो. त्याला पळताच येत नाही. उडी आखूड आणि एकाच बटणाची. फळी कधी येते, दगड कधी पडतो, ते बघत उभं राहायचं आणि वेळ साधून पाऊल टाकायचं. सगळा अंधार, आणि कंदिलाच्या उजेडापुरतं दिसतं. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये तो नव्हता. पुढच्या रविवारी मी तो आक्काकडं नेऊन टीव्हीवर लावला.

"दाजी, हा मला जमंना," मी म्हणाले. ते खरंही होतं. "तुम्ही बघता का जरा?"

"कसला हाय?"

"खाणीचा. हळू चालायचा."

त्यांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग उशी ओढून घेतली. खाणकामगार पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. दाजींनी रिमोट मात्र ठेवला नाही. अर्ध्या तासानं म्हणाले, "हितं घाई केली की मेला. थांबाय लागतंय." अपघातानंतर स्वतःहून, न चिडता ते काही बोलले ते पहिल्यांदाच.

तो हिवाळा बरा गेला. मी दर रविवारी जायचे तेव्हा ते खाणीत आणखी खाली उतरलेले असायचे. करंगळीशेजारचं बोट नीट वाकायला लागलं. मधल्या बोटाचं थोटुकही ते रिमोटवर टेकवायला लागले. एकदा शेजारचा माणूस अचानक घरात आला तर दाजी उठले नाहीत. हात उशीवर तसाच ठेवून म्हणाले, "बस की." आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते थोटुक सुजलं. त्यांनी आम्हाला दाखवलं नाही. रुमाल गुंडाळून खेळत राहिले. वास यायला लागला तेव्हा आक्कानं रुमाल ओढून काढला. हाडापर्यंत पू झाला होता. पुन्हा दवाखाना, पुन्हा ऑपरेशन. उरलेलं अर्धं बोट काढलं, आणि त्याच्या शेजारच्या, बऱ्या होत आलेल्या बोटाची शीर त्यात जायबंदी झाली. ते बोट त्यानंतर वाकलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं की खेळण्यामुळं असं झालं का. ते म्हणाले, नाही, संसर्ग पहिल्यापासूनच आत दबून राहिलेला असणार. मी ते आक्काला सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यात बसली होती ती.

"डाक्टर काय म्हणायचं ते म्हणू दे," ती म्हणाली. "तू त्ये खेळणं आणलंस आनी त्या बोटावर जोर आला. मी बघत हुते की रोज."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दाजी गुंगीतून बाहेर आले तेव्हा मी शेजारी होते. त्यांनी हाताबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "त्यो खाणवाला. शेवटी वर येतो का?"

मला माहीत नव्हतं. मी घरी जाऊन तो गेम पुरा केला. त्याला बरेच दिवस लागले. वर वगैरे कुणी येत नाही. सगळ्यात खालच्या तळाशी एक दार असतं, त्यातून तो जातो आणि पडदा काळा होतो. दाजींना मी तसंच सांगितलं.

"बरं," ते म्हणाले.

कारखान्यानं त्यांना गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं. महिनाभर ते गेले. गेटवरून पाळ्या सुटताना, भरताना दिसायच्या, ओळखीची माणसं मान खाली घालून जायची. एक दिवस ते निम्म्यातूनच घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. नंतर खोली सोडून दोघं गारगोटीजवळच्या त्यांच्या गावी राहायला गेली. तिथं थोरल्या भावाच्या म्हशी आहेत. दाजींना धार काढता येत नाही. ते वैरण टाकतात, शेण भरतात आणि डाव्या हातात किटली धरून दूध डेअरीला पोचवतात. भाऊ वाईट नाही, पण माणसांसमोर त्यांना "आमचा लुळा" म्हणतो. गावात ते कुणाला वावगं वाटत नाही.

मी एसटीनं जाते. जेवण होतं, दाजी पान लावायला सांगतात, थोडं पावसापाण्याचं बोलतात आणि गोठ्यात जातात. मागच्या खेपेला मी भाचीनं पुण्याहून पाठवलेलं गेम खेळायचं काहीतरी यंत्र पिशवीतून नेलं होतं, अंगठा नसलेल्या माणसाला धरायला सोपं पडतं म्हणे. आक्का मला स्टँडपर्यंत पोचवायला आली तेव्हा ते तिनं माझ्या पिशवीत परत ठेवलेलं होतं. दवाखान्याच्या जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नव्हतो.

गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती म्हणाली, "ह्यास्नी आता कायबी आणत जाऊ नगंस. नुसती येत जा."

मी खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत ती उभी होती, नंतर ऊन लागतं म्हणून पदर डोक्यावर घेऊन डेअरीच्या बाजूला वळली.