पाण्यात पाहिलेली जाऊ

...तर सांगत काय होतो, धाकटीच्या विटांवरचे स्पंज मुठीएवढे झाले आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. लोक जावेला नुसतं म्हणायला पाण्यात पाहतात. हिनं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, बुडाला काच लावलेल्या बादलीतून पाहिलं.

स्पंज म्हणजे भांडी घासायचा नव्हे हं. हा समुद्राच्या तळाला वाढणारा जीव, दिवसभर पाणी गाळत बसतो. एका उन्हाळ्यात खाडीत शेवाळ माजलं, स्पंज मेले, पाणी गढूळ झालं, मासे पांगले. मग एक संशोधक बाई आल्या. वाचलेल्या स्पंजांचे तुकडे विटांवर बांधून तळाशी लावायचं काम त्यांनी गावातल्या बायकांना दिलं. जिची विटांची रांग चांगली धरेल तिच्या हाती खाडीच्या तळाचा पलीकडचा मोठा पट्टा, असं ठरलं. थोरलीनं तो मनोमन आपल्या नावावर करूनही टाकला.

तिचं तरी काय चुकलं? अर्धं आयुष्य दोरखंडाच्या कारखान्यात गेलेलं. तिथं तिला 'पक्की' म्हणत, कारण तिची गाठ दातांनीही सुटायची नाही. नवरा म्हणे, मीच कुठे सुटलो? धाकटीची गाठ मात्र शाळेतल्या पोराच्या बुटाच्या नाडीसारखी. थोरलीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अगं, विटेला बांधतेस की विटेची समजूत काढतेस?"

आणि झालं उलटंच. थोरलीच्या करकचून आवळलेल्या दोऱ्यांनी तुकडे मधोमध कापले गेले, कुजले. धाकटीच्या सैल दोऱ्यांत ते बाळसं धरून बसले. घरी जेवताना सासरे म्हणाले, धाकटीच्या हाताला गुण आहे. थोरली अर्ध्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी बायका काठावर डबे उघडून बसल्या, तशी ती एकटी पाण्यात शिरली. धाकटीच्या रांगेतल्या एकेका विटेचा दोरा सोडला, कामाच्या सदऱ्याच्या खिशात कोंबला. आता भरती येऊ दे, म्हणाली.

भरती आली, गेली. सकाळी बाई बादली लावून रांग बघत गेल्या, तर स्पंज जागच्या जागी. त्यांनी विटेला कधीच आपणहून धरलं होतं. दोऱ्याचं काम संपलं होतं. बाई खूश. दोरे काढायची वेळ आलीच होती, म्हणाल्या, ही कुणाला बरं कळली? धाकटीला थोरलीच्या खिशातून लोंबणारा दोरा दिसला. ती हसून म्हणाली, "आमच्या जाऊबाईंना. मला न सांगता माझं काम हलकं केलं त्यांनी."

झालं. बाईंनी थोरलीलाच विचारलं, मग मोठा पट्टा तुम्ही सांभाळाल का?

नुसती मान डोलवायची होती. थोरलीनं जावेच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, खिशातले सगळे दोरे काढून तिच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "स्पंज वाहून जावेत म्हणून दोरे सोडले होते मी, बाई. मेले वाहून गेलेच नाहीत. पट्टा हिलाच द्या. हिनं दान केलेला घेण्यापेक्षा मी जळत बसलेली बरी."