वन्सं आणि पेठचा संगणक

माझ्या थोरल्या नणंदेइतकी यंत्रांवर माया करणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात वन्संची पंचवीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. एकदा पाहुणे बघायला आले होते, तेव्हा मुलाचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे एवढंच यांच्या लक्षात आलं. ते मागून घेऊन त्यांनी तिथंच उघडलं आणि पाहुणे पोहे संपवून निमूटपणे गेले, असं सासूबाई सांगत. माणसांना या सरसकट अरे-तुरे करायच्या, अगदी साहेबांनासुद्धा. यंत्रांना मात्र अहो-जाहो. घरात नवा मिक्सर आला तेव्हा पहिली चटणी वाटायच्या आधी त्यांनी तो सुटा केला. "आधी ओळख नको का व्हायला?" म्हणाल्या. भाचीच्या लग्नात स्पीकर खरखरायला लागला, तर पैठणीचा पदर खोचून या स्टेजखाली शिरल्या आणि मंगलाष्टकं संपून पंगत बसली तरी बाहेर आल्या नाहीत. मामंजी तापानं फणफणले तेव्हा डॉक्टरांच्या देखत यांनी विचारलं होतं, की ताप चढायच्या आधी काही आवाज झाला होता का.

मी तेव्हा पेठला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एका कंपनीनं आपला जुना संगणक शाळेला देणगी म्हणून दिला: गुडघ्याच्या वर येणारी लोखंडी पेटी, तिला जोडायचे चार जाडजूड पडदे, चार कळफलक आणि एक बोजड प्रिंटर. टेम्पोतून सगळं उतरलं, नारळ फुटला, फोटो निघाला, कंपनीची माणसं गेली. मग वायर लावली तर आतला पंखासुद्धा फिरला नाही. दोन महिने ते धूड एका खोलीत तसंच पडून होतं. मुख्याध्यापकांना ती खोली हवी होती. दिवाळीच्या सुट्टीत भंगारवाल्याला बोलावतो, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. वसतिगृहातल्या मुली मात्र रोज ती खोली झाडत होत्या. पाड्यापाड्यांतून आलेल्या त्या पोरी, आपण संगणक शिकणार असं घरी सांगून बसलेल्या. दारात चपला काढून आत जायच्या, पडदे पुसायच्या आणि बाहेर यायच्या.

हे मी एकदा जेवताना सहज बोलून गेले. वन्संचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर पोचले, तर या माझ्याआधी येऊन पेठच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या, मांडीवर अवजारांची पिशवी.

पेटी उघडली तर आत उंदरांनी कंपनीच्याच कागदांचं घरटं केलेलं. वन्संनी नाकाला पदरही लावला नाही. कुरतडलेल्या वायरी बदलल्या, वीजपुरवठ्याचा भाग नाशिकला आणून दुरुस्त केला, आतल्या प्रत्येक सर्किटच्या पट्टीची काळवंडलेली टोकं शाळकरी खोडरबरानं घासून चकचकीत केली. आठवड्यानं पंखा फिरला, दिवे लागले, पण ज्या तबकडीवर सगळी माहिती असते ती फिरेना. वन्संनी तिचा डबा बाहेर काढला, तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत धरला, कान लावला. "फार दिवस निजून राहिलात हो, अंग धरलंय तुमचं," म्हणाल्या आणि मनगटाला एक हलका हिसका दिला. पुन्हा जोडल्यावर आतून कुरकुरत, मग सुरात घरघर सुरू झाली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अक्षरं पासवर्ड मागत होती.

तो शाळेत कुणालाच माहीत नव्हता. कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, की ते मशीन चालवणारे ऑपरेटर निवृत्त होऊन वणीला राहतात. सुट्टी चार दिवसांवर आली होती. वन्सं त्याच दिवशी वणीला गेल्या. मुलाच्या नारळ-ओटीच्या दुकानात बसलेले ते गृहस्थ फार संकोचले. म्हणाले, "बाई, बारा वर्षं रोज टाइप केला, पण तोंडानं कधी म्हटला नाही. आता आठवत नाही."

वन्संनी त्यांना जीपमध्ये घालून पेठला आणलंच. खुर्चीवर बसून त्यांनी तासभर कपाळ चोळलं, चार-पाच शब्द घालून पाहिले. मशीन सगळे नाकारत राहिलं. मुख्याध्यापक दारातून डोकावून गेले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तेव्हा वन्सं म्हणाल्या, "अरे, तू आठवू नकोस. तू कामावर ये." त्यांना पिशवी देऊन बाहेर पाठवलं आणि कंपनीत यायचास तसाच आत ये, म्हणून सांगितलं. पहिल्या खेपेला ते अवघडले. दुसऱ्या खेपेला खिळ्याला पिशवी अडकवली, पण मुलींकडे बघून हसले. वन्संनी मुलींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिसऱ्या खेपेला ते आले, पिशवी अडकवली, पाणी प्यायले, खुर्ची पुढे ओढून बसले, आणि आपला फोरमन किती खडूस होता ते वन्संना सांगता सांगता त्यांची बोटं कळफलकावरून धावून गेली. मशीन उघडलं.

गंमत म्हणजे काय टाइप केलं ते त्यांनाही कळलं नाही, कारण पासवर्डची अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत. वन्संनी त्यांच्याकडून लगेच नवा पासवर्ड घालून घेतला आणि पुन्हा कुणी विसरू नये म्हणून ऑइलपेंटनं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून टाकला. मग प्रिंटरला कागद लावला आणि सगळ्या मुलींची नावं छापली. कर्र कर्र करत एकेक नाव बाहेर यायला लागलं तसा जो काही कल्ला झाला, तो ऐकून स्वयंपाकाच्या मावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या. म्हणाल्या, "माझं बी नाव छापा, लय दिस छापायचं ऱ्हायलंय." मुख्याध्यापकांनी स्वतःचं नाव दोनदा छापून घेतलं. भंगारवाल्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही. त्या सुट्टीत पाड्यांवरच्या कितीतरी घरांच्या कुडांवर ते कागद चिकटले.

त्या चार पडद्यांवर पाच वर्षं मुली शिकल्या. मग सरकारी योजनेतून नवे, रंगीत संगणक आले. जुनं मशीन हलवायच्या दिवशी वन्सं माझ्याबरोबर पेठला आल्या. तोवर त्यांचे गुडघे धरले होते, एसटीची पायरी चढताना मला हात द्यावा लागला. मुली जेवायला गेल्या होत्या. शिपाई बटण दाबायला पुढे झाला, तसं वन्संनी त्याला थांबवलं आणि बंद करायची आज्ञा स्वतः, एका बोटानं, सावकाश टाइप केली. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत राहिल्या.

"एकदम बंद करू नये रे," त्या शिपायाला म्हणाल्या. "त्यांनाही आवराआवर करायला थोडा वेळ लागतो."

शेवटची ओळ आली. पंखा थांबला. वन्सं आणखी थोडा वेळ पेटीवर हात ठेवून बसून राहिल्या, ती गार होईपर्यंत.