झालर नसलेला पडदा

अकरा जानेवारी. लेकीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम एक लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे रुपये. त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत एवढंच ठरलं, की या रकमेत हॉल बसत नाही आणि कर्ज मी काढणार नाही. लेकीला हॉल नकोच होता. तिला झाडाखाली, मोकळ्या जागेत लग्न करायचं होतं. बायकोने निःश्वास सोडला. तिचा धाकटा भाऊ मात्र खूश झाला, कारण मोकळी जागा म्हटली की ती सजवावी लागते, आणि सजवणं हा त्याचा धंदा.

त्याला सगळे झालरमामा म्हणतात. तीस वर्षांपूर्वी तो दुसऱ्याच्या गाडीवरून बांबू उतरवायचा. आता स्वतःचा टेम्पो आहे, दोन माणसं आहेत, आणि एक गोदाम आहे, ज्यात मखमलीचे पडदे, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आणि मैलभर तरी झालर असेल. भिंतीला भेग असो, खांब गंजलेला असो, तो झालर लावतो आणि म्हणतो, झाकलं की झालं. त्याला मूलबाळ नाही. माझी लेक जन्मली तेव्हा त्याने आधी पाळण्याला झालर लावली, मग पेढे खाल्ले. शाळेतल्या तिच्या प्रत्येक नाटकाचा पडदा त्याचा. हिच्या लग्नाची सजावट मी फुकट करीन, असं तो ती रांगत होती तेव्हापासून सांगत आला होता.

लेकीने मखमल नको म्हणून सांगितलं. प्लास्टिकची फुलं नकोत. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आत्याची रोपवाटिका होती. तिच्यामागे रिकामं मैदान होतं, मैदानात चिंचेचं जुनं झाड. आत्याबाईंनी जागा दिली, फुललेल्या कुंड्या दिल्या, वाळकं गवत आणि रानफुलं डब्यांतून कशी मांडायची तेही दाखवलं. खर्च जवळजवळ शून्य. मी समाधानाने मान डोलावली. झालरमामाने चहाचा कप तसाच ठेवला. त्याच्या वाट्याला उरलं फक्त ऐंशी खुर्च्या आणून मांडणं.

त्या दिवसापासून आत्याबाईंचं नाव निघालं की तो नाक वर करी. लेक त्यांना आत्या म्हणते हेही त्याला खुपलं. "मामा जन्मापासूनचा, आत्या कालची," असं त्याने बहिणीला ऐकवलं. एकदा तो गिऱ्हाईक बनून रोपवाटिकेत गेला आणि एक रोप घेऊन आला. आठवड्याने आम्हाला सुकलेला दांडा दाखवून म्हणाला, बघा, हा त्या बाईचा माल. पाणी घातलं होतंस का, असं बायकोने विचारलं. तो म्हणाला, चांगला माल असता तर दोन दिवस कळ काढली असती.

लग्न फेब्रुवारीत होतं, संध्याकाळी पाच वाजता. सकाळी मी मैदानावर पोचलो तेव्हा झालरमामा कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि बऱ्याच दिवसांनी हसत होता. चिंचेच्या पूर्वेला दगडांच्या ओळी होत्या. खुर्च्या कुठे ठेवायच्या याची खूण म्हणून लेकीने आणि आत्याबाईंनी त्या मांडल्या होत्या. आणि ते सगळे दगड रखरखीत उन्हात होते. सावली झाडाच्या पश्चिमेला, गार आणि रिकामी.

"भावोजी, झाडं वाढवली म्हणजे माणसं बसवता येतात असं नाही," तो म्हणाला.

मलाही दगड उन्हात दिसत होते. मी होकार दिला. लेक घरी तयार होत होती, आत्याबाई फुलं आणायला गेल्या होत्या. विचारायचं म्हणजे आत्याबाईंना फोन करायचा, आणि तो त्याने केला नसता. त्याने खुर्च्या सावलीत लावल्या, कुंड्याही उचलून पार पश्चिमेच्या टोकाला अर्धगोलात मांडल्या. आत्याबाई परत आल्या आणि थेट आत रोपवाटिकेत स्वयंपाकवाल्यांकडे अडकल्या. दुपारभर झालरमामा शीळ घालत होता.

चारनंतर ऊन झाडाखालून आत सरकलं. पाहुणे बसले तेव्हा सूर्य समोर, वधूवरांच्या जागेमागे, सगळ्यांच्या डोळ्यांत. माझ्या आईने पदर कपाळावर ओढला. पलीकडे दगडांवर दाट सावली पडली होती. दगड संध्याकाळचं ऊन बघून ठेवले होते, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. आत्याबाई बाहेर आल्या, दगडांकडे पाहिलं, झालरमामाकडे पाहिलं आणि माझ्या आईसमोर उन्हाच्या आड जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तो टेम्पोकडे जाऊन उभा राहिला. निघून जाईल असं मला वाटलं.

लेक नटलेली तशीच त्याच्यामागे गेली. टेम्पोत एक मोठा पांढरा पडदा गुंडाळून ठेवलेला होता. कोणी मागितला तर असावा, म्हणून त्याने गुपचूप आणला होता. खालून वरून झालर.

"मामा, हा आमच्या मागे लाव ना. ऊन अडेल. फक्त झालर काढ."

त्याने खिशातून कात्री काढली आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच झालर उसवली.

सगळं पलीकडे हलवायला किंवा खड्डे खणायला वेळ नव्हता, म्हणून बांबू हातात धरायचे ठरले. घाईघाईने बांबू आणताना त्याच्या धक्क्याने एक कुंडी फुटली. एक बांबू त्याने धरला. दुसरा त्याच्या माणसाने धरायचा होता, पण तोवर आत्याबाईंनी पदर खोचून धरला होता. पुढच्या रांगांवर सावली आली, मागच्यांनी खुर्च्या उचलून खोडापलीकडे सावलीत नेल्या. पडदा कोरा होता, आणि त्यावर मागच्या कुंड्यांतल्या फुलांची सावली हलत होती. लेकीच्या सर्वांत जवळ तिचा मामा उभा होता. शेवटपर्यंत त्याने हात बदलला नाही.

फोटो आले तेव्हा तो आमच्याकडे येऊन बसला आणि एकेक निरखून पाहिला. सगळ्यांत चांगल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "माझा नुसता कोपर आलाय. ती बाई बघा, अख्खी."

फुटलेल्या कुंडीचे पैसे आत्याबाईंनी नको म्हटले होते. त्या बाईचे उपकार नकोत, मी स्वतः नेऊन देईन, असं त्याने सांगितलं. अजून गेलेला नाही. ऐंशी रुपये देणं बाकी आहे.