पान लागलंय

सई, ओंकार, काल पानाच्या टपरीवर काताचा वास आला आणि तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलंय, हे लक्षात आलं.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका रुग्णालयात एम.डी. करत होते. एका सकाळी उसाच्या फडातून एकजण बायकोला घेऊन धावत आला. “बाई, हिला पान लागलंय!”

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतली. मला वाटलं, तंबाखूच्या पानाने चक्कर आली असेल. तिच्या पापण्या जड होऊन मिटत होत्या. “पडू द्या जरा, उतरेल,” मी म्हणाले.

फरशी पुसणाऱ्या आक्का ताडकन उठल्या. “आवं डॉक्टरीणबाई, इंग्रजीत शिकलासा व्हय? जनावर डसलंय तिला! नाव घेत न्हाईत त्याचं.”

साप! मी धावतच विषावरचं इंजेक्शन आणलं आणि सुरू केलं.

दुपार टळल्यावर तिने डोळे पूर्ण उघडले आणि नवऱ्याला विचारलं, “म्हशीला पानी दावलंसा का?” मी व्हरांड्यात जाऊन रडले. तेव्हा त्यात लाजही होती. आता आठवलं की नुसतं हायसं वाटतं.

ती बाई अजून आहे, आणि अजून फडात जाते.